मालकांना विचारून सांगते

लालबाग-परळकडच्या कुणाही जुन्या माणसाला विचारा, तुमचे आजोबा पहिल्यांदा मुंबईला आले तेव्हा उतरले कुठे? तो गावकीच्या खोलीचं नाव सांगेल, नाहीतर एखाद्या चुलत्याचं. मग विचारा, जेवायला कुणाकडे होते? "मावशीकडे," एवढंच उत्तर येईल. कुठली मावशी, सख्खी की चुलत, हे त्याला ठाऊक नसतं. आजोबांनाही नव्हतं. गिरणगावात खाणावळवालीला नाव नसे. असलंच तर ते वाण्याच्या चोपडीत असे, आणि तिथेही चुकीचं लिहिलेलं.

ही मावशी म्हणजे कुणी एक बाई नव्हे. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस-तीस वर्षांत अशी एखादी चाळीगणिक होतीच. साताऱ्याकडची असली तर "आरं" म्हणे, रत्नागिरीकडची असली तर "अरे मेल्या" म्हणे. कुणी विधवा, कुणी टाकलेली, कुणाचा नवरा घरात असून नसल्यासारखा. पण सवयी इतक्या सारख्या, की ऐकीव गोष्टींतल्या दहाजणींची मिळून एकच मावशी डोळ्यांपुढे उभी राहते. माझी साताऱ्याकडची आहे. गाठीला दमडी नसताना धंदा उभा करून वीस-पंचवीस वर्षं चालवणारी ही बाई. तिला मात्र तसं म्हणायची सोय नव्हती. "धंदा कसला बाबा? चार पोरं जेवत्यात माज्याकडं," असं ती म्हणे. ही चार पोरं मोजली तर पंचवीस भरत, आणि त्यांतली पाच-सहा तरी तिच्याहून वयाने थोर असत.

गिऱ्हाइकाला तोटा नव्हता. ऐंशीच्या आसपास गिरण्या, दीड लाखाच्या घरात कामगार, आणि त्यांतल्या बहुतेकांची बायकापोरं गावाकडे, शेताच्या तुकड्यावर. १९२१च्या खानेसुमारीत मुंबईत दर हजार पुरुषांमागे बायका निघाल्या जेमतेम सव्वापाचशे. म्हणजे निम्म्या शहराच्या भाकऱ्या थापायला घरात कुणी नाही. अभ्यासक या आकड्यावर अजून चिंता व्यक्त करतात. मावशीने तो कधी ऐकला नाही, पण त्यावर चूल पेटवली ती तिनेच.

तशी ती खाणावळ काढायला मुंबईत आलेली नव्हती. आली होती गिरणीतच, रिळाच्या खात्यात. तिथे बायकांच्या वर नायकीण. नायकिणीला दस्तुरी द्यायची, सणासुदीला तिच्या घरी राबायचं, तिच्या पोरीला न्हाऊ घालायचं, आणि एवढं करून भोंग्याला जरा उशीर झाला की तोंड फिरवून घरी यायचं. मावशीने काही दिवस सोसलं. मग एकदा, "तुज्या घरची भांडी घासायची, तर माज्या घरची काय वाईट हाईत?" असं तोंडावर विचारून ती बाहेर पडली. १८९१च्या फॅक्टरी कायद्याप्रमाणे बाईमाणसाला दिवसाला अकरा तासांच्या वर कामाला लावता येत नसे. खाणावळीला हा कायदा लागू नव्हता. तेव्हापासून मावशी रोज अठरा तास राबू लागली आणि "आता कुणाची ताबेदारी न्हाई" असं मोठ्या समाधानाने सांगू लागली. स्वतःचा धंदा काढलेल्या माणसांची ही खोड जुनीच आहे.

तिकडे १९०८ साली मुंबईत सेवासदन निघालं, पुढच्या वर्षी रमाबाई रानड्यांनी पुण्यात काम सुरू केलं, १९१६ साली कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं. बायकांनी मिळवतं व्हावं की नाही, यावर पांढरपेशांत हिरिरीने वाद चालू होते. मावशीचं मत कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी ते अर्ध्यावरच राहिलं असतं, कारण मध्येच आमटी उतू गेली असती.

आता मालकांकडे वळू. मालक म्हणजे मावशीचा नवरा. कधीकाळी गिरणीत होता, पुढे दम लागतो म्हणून त्याने काम सोडलं. गॅलरीत गोणपाट टाकून विडी ओढायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "काय, झालं का जेवण?" असं विचारायचं, एवढं त्याचं खातं. पण खाणावळीच्या कारभारात त्याच्यावाचून पान हलत नसे. कारण "नाही" हा शब्द मावशीने जन्मात स्वतःच्या जबाबदारीवर उच्चारला नाही. कुणी जास्तीची उधारी मागितली, कुणी दोन पाहुणे आणू का विचारलं, वाण्याने डाळीचा भाव वाढवून सांगितला, की मावशी डोक्यावरचा पदर पुढे ओढून अगदी गरीब आवाजात म्हणे, "मालकास्नी इचारून सांगते."

मालक चार हातांवर बसलेला असे. त्याला कुणी काही विचारत नसे. दुसऱ्या दिवशी मावशी कष्टी चेहऱ्याने सांगे, "म्या लई सांगून बघितलं बाबा, पर मालक न्हाई म्हणत्यात." गॅलरीतून मालक गंभीरपणे मान हलवी. कशाला नाही म्हटलं हे त्याला बहुधा संध्याकाळी कळे. तेवढ्या कामाबद्दल त्याला दोन वेळचं जेवण आणि विड्यांचा बंडल सुरू होता.

एका पावसाळ्यात मालक पेरणीला म्हणून गावी गेला तो दिवाळी आली तरी परतला नाही. नकार मात्र चालूच होते. शेवटी एका चलाख बदलीवाल्याने धीर करून विचारलं, "मावशी, मालक तर गावाला हायेत न्हवं?" मावशी जराही गडबडली नाही. म्हणाली, "म्हणून तर उद्या ये म्हटलं न्हाई. आठ दिसांनी ये."

खाणावळीत नाव घालायचं तर आधी मावशीच्या तोंडी परीक्षेला बसावं लागे. भाकरी थापता थापता, वर न बघता ती विचारत जाई. गाव कुठलं? कुणाचा कोण? कुठल्या खात्यात? साचेवाला की त्रासनातला? कायम का बदली? जॉबर कोण? गिरणीतली उत्तरं तिला दुसऱ्याच दिवशी पडताळून बघता येत, कारण त्याच खात्यातला कुणीतरी तिच्या पंगतीत असेच. खरा प्रश्न शेवटी येई. "आये हाय का?" आई जिवंत असली तर उधारीची मुदत पंधरा दिवसांनी वाढे. नव्या पोराला वाटे, केवढी मायाळू बाई! यातलं मर्म त्याला पहिल्यांदा पैसे थकल्यावर कळे. तेव्हा मावशी फक्त एवढंच विचारी, "कार्ड टाकू का गावाला?"

मावशीला लिहितावाचता येत नसे, पण चाळीतलं एक शाळकरी पोर तिने लाडूवर बांधून ठेवलेलं होतं. तुमचा मुलगा पगाराच्या दिवशी कुठल्या गुत्त्यावर दिसला, हे दोन ओळींत कळवायला कार्ड पुरेसं होतं, आणि गावात कार्ड वाचून दाखवणारा मास्तर ते देवळासमोर मोठ्याने वाचत असे. कोर्टकचेरी, वकील, समन्स हे सगळं मावशीने एका पोस्टकार्डात बसवलेलं होतं. खरं म्हणजे ती क्वचितच कार्ड टाकी. धमकीवरच भागे.

पंगतीचं राजकारण वेगळं. घाटावरचा गडी म्हणे, भाताने पोट भरतं होय? कोकणातला म्हणे, भाकरीने काय पोट भरतं, जबडा दुखतो. एकाला खर्डा हवा, दुसऱ्याला बोंबलाचं कालवण. सोमवारी अर्धे उपाशी, एकादशीला माळकरी वेगळे बसणार, आणि त्यांच्या बाजूने सुकटीचा वासही जाता कामा नये. दहा बाय दहाच्या खोलीत वास कुठून न्यावा, हे कुणी सांगत नसे. मावशी सगळ्यांना सारख्याच शिव्या देई. पण रंगूनचा तांदूळ स्वस्त झाला की "भात खा रं, भात हलका असतो," हे घाट्यांना सांगायला ती विसरत नसे, आणि ज्वारी उतरली की कोकण्यांना भाकरीचे गुण ऐकावे लागत. मिरगाच्या आधी ती सुक्या मासळीची बेगमी करी. माळ्यावर बोंबील, खाली झोपलेला मालक. पहिला पाऊस पडून मासळी महागली की माळ्याकडे बघून ती गालात हसे.

खाड्याचे नियम तर तिचे तिलाच ठाऊक. गिरणीत गैरहजर राहिलं की पगार कापला जाई. मावशीकडे गैरहजर राहिलं तर मात्र पैसे सुटतीलच असं नव्हतं. खाडा आदल्या रात्री, पान वाढायच्या आधी सांगायचा. पान वाढल्यावर सांगितला तर तो खाडा नव्हे. एक वेळेचा खाडा नव्हेच. गावाला गेलास तर खाडा, पण येताना गावाहून तांदूळ नाहीतर नाचणी आणली नाहीस तर पुढल्या खेपेला तो खाडा धरायचा की नाही, हे मालकांना विचारावं लागेल.

या सगळ्याचा हिशेब असे भिंतीवर. चुलीच्या डाव्या हाताची भिंत ही मावशीची खातेवही. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक खूण. साचेवाल्याचा धोटा, एकाची छत्री, एकाच्या नुसत्या मिशा, एका तोतऱ्याचा पोपट. खुणेखाली कोळशाच्या रेघा. दिवसाला एक उभी रेघ, एकच वेळ जेवला तर अर्धी, पाच झाल्या की आडवी मारायची. जास्तीच्या मासळीला रेघेच्या डोक्यावर टिंब. पगार झाला, पैसे आले, की ओल्या फडक्याने तेवढा पट्टा पुसायचा. पुसताना त्या माणसाने तिथे हजर असायचं, असा दंडक होता. बँकेत पावती मिळते, इथे काळं फडकं दिसे.

या खातेवहीवर एकदा संकट आलं. १८९६ साली मांडवीत प्लेग निघाला आणि पुढे कित्येक वर्षं तो हिवाळ्याच्या सुमाराला डोकं वर काढत राहिला. म्युनिसिपालिटीची माणसं चाळीत शिरत, खोल्या धुवून काढत, भिंतींना चुना मारत. ती मावशीच्या दारात आली तेव्हा मावशी दोन्ही हात पसरून भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "सायब, ही येवढी सोडून कुटंबी मारा. पायजे तर मालकास्नी मारा." साहेबाला वाटलं, भिंतीत उंदराचं बीळ लपवतेय. त्या भिंतीला दोन हात चुना बसले.

त्या रात्री पंगतीला काय उत्साह! कधी न बोलणारे बोलू लागले. एकाने तर अभंग धरला. जेवणं झाली, हात धुऊन झाले, आणि मावशी पांढऱ्याशुभ्र भिंतीपुढे नवा कोळसा घेऊन बसली. "हां. आता सांगा येकेकानं आपापलं."

छत्रीवाला म्हणाला, "अठरा दिस."

"येकुणीस. मंगळवारी पावना आणला हुतास. त्यानं दोन बोंबील खाल्ले, त्ये येगळं."

छत्रीवाला गप्प बसला. मग पोपटाची पाळी आली. तो भला माणूस. अडखळत का होईना, पण त्याने खरं ते सांगितलं. "बा-बावीस."

"येकवीस," मावशी म्हणाली. "त्या शनवारी तू तापानं पडला हुतास. पेज दिली हुती नुसती. पेजेचं म्या लावत न्हाई."

त्यानंतर एकानेही खोटं सांगितलं नाही. आपण कमी सांगितलं तर ती वाढवणार आणि जास्त सांगितलं तर घटवणार, मग मेंदू शिणवायचा कशाला?

मावशीचं सगळं भांडवल या भिंतीवर अडकलेलं असे. गिरणीचा पगार महिन्याचा, आणि तोही पुढच्या महिन्याच्या दहा-पंधरा तारखेला. चैत्रातलं जेवण, वैशाखाच्या मध्याला पैसे. तोवर दीड महिन्याचा दाणागोटा, लाकूडफाटा, खोलीचं भाडं मावशीने बाहेरून भागवायचं. वाणी उधार देई, पण मापात आणि भावात ते वसूल करून. तो फारच अडून बसला की मावशीच्या हातातले गोठ सराफाकडे जात आणि पगारानंतर परत येत. चाळीतल्या बायका तिच्या मनगटाकडे बघून तारीख ओळखत. कामगाराला पगार ठरल्या मुदतीत मिळावा असा कायदा व्हायला १९३६ साल उजाडावं लागलं. तोपर्यंत त्या दीड महिन्याचा भार कुणी उचलला, हे गिरणीमालकांच्या ताळेबंदात शोधून सापडणार नाही.

पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकावर दोन सावकार उभे असत. एक पठाण, हातात काठी. त्याच्यासारख्यांचं व्याज रुपयाला महिना एक आणा असलं तरी लोक स्वस्त म्हणत. वर्षाला ते शेकडा पंचाहत्तर होतं, हा हिशेब कुणी करत बसत नसे. दुसरी मावशी, हातात काही नाही. पठाणाला चुकवणाऱ्या वाटा गड्यांनी शोधून ठेवल्या होत्या, मागचं फाटक, दुसऱ्याची टोपी, गर्दीत वाकून चालणं. मावशीला चुकवता येत नसे. ती पैशाचं नावही काढत नसे. चारचौघांत, खणखणीत आवाजात एवढंच म्हणे, "आरं, आज मटण केलंया. येतुयास न्हवं?" मटणाचा वास नाकात आणि पगार खिशात अशा अवस्थेत माणूस आपल्या पायांनी भिंतीपर्यंत चालत येई. पठाणाला हे कधी कळलं नाही. तो काठीच्या लांबीवर विसंबून राहिला.

पगाराच्या आठवड्यात आमटी दाट असे, पुढचा पगार जवळ येई तशी ती पातळ होत जाई. शेवटच्या दिवसांत तळाची डाळ मोजता येई. १९२१ साली मुंबई सरकारने लेबर ऑफिस काढलं आणि ते दर महिन्याला राहणीखर्चाचा निर्देशांक छापू लागलं, जुलै १९१४चे शंभर धरून. पहिल्या महायुद्धानंतर तो दोनशेच्या जवळ पोचला होता. पंगतीला हे आधीच कळलेलं होतं. कुणी पातेल्यात डोकावून "मावशी, डाळ कुठं गेली?" म्हणालाच, तर "लढाईवर," असं उत्तर मिळे.

हिच्या पंगतीला उंबरठा होता, हेही सांगायला हवं. जातीबाहेरचा माणूस आत येत नसे, आणि महार कामगाराला तर गॅलरीतही पाणी वरून मिळे. गिरणीतही तेच. विणखात्यात धोट्यातून दोरा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्यांना तिथे घेत नसत. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८च्या संपाच्या वेळी यावर जाब विचारला. मावशीला कुणी विचारलं नाही, आणि तिला त्यात वावगंही वाटलं नाही. एरवी प्रत्येकाच्या पोटाची खबर ठेवणारी बाई, पण इथे तिची खबर दारापाशी थांबे. आपल्या सगळ्यांच्या लाडक्या आज्या-मावश्यांचं हे असंच असतं. त्यांच्या हातची चव सांगताना ही बाब आपण गाळतो.

१९१८च्या पावसाळ्याअखेर मुंबईत इन्फ्लुएंझाने थैमान घातलं. पंगत निम्मी आडवी झाली. मावशी पेजेचं पातेलं घेऊन गावकीच्या खोल्यांतून फिरे आणि तोंडाने अखंड बडबडत असे. मेल्यांनो, पावसात भिजायला कुणी सांगितलं हुतं? उठा, न्हाईतर कार्ड टाकीन. आठवडाभराने छत्रीवाला गेला. त्याची ट्रंक मावशीकडेच होती. तिने ती गावच्या माणसाबरोबर कुलपासकट पाठवून दिली, आणि भिंतीवरची छत्री ओल्या फडक्याने पुसली. एवढ्या रेघा होत्या, त्यांचं काय, असं कुणीतरी विचारलं. मावशी पातेलं घासत म्हणाली, "मालक म्हणाले, सोडून दे."

मालक गावी होता. या खेपेला मात्र कुणी ते बोलून दाखवलं नाही.

२६ एप्रिल १९२८ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप पेटला, तो मिटला ६ ऑक्टोबरला. पाच महिन्यांहून जास्त काळ भोंगे थंड. पुष्कळजण गावी गेले, पण ज्यांचं गावी काही नव्हतं ते राहिले, आणि ते जेवणार कुणाकडे? पहिला महिना आमटी-भाकरी. दुसऱ्यात एकच वेळ. पुढे नाचणीची आंबील. गोठ सराफाकडे गेले, मागोमाग पुतळ्यांची माळ, मग मोठी हंडी. मावशी एका सभेलाही जाऊन आली. पुढाऱ्याचं भाषण भांडवलशाहीवर होतं. तिने मध्येच उठून विचारलं, "त्ये समदं खरं बाबा, पर तारीख सांग. वाण्याला काय सांगू?" पुढारी निरुत्तर झाला. लोक मात्र हसले, आणि बऱ्याच दिवसांनी हसले.

मालक त्याच्या दोन वर्षं आधी वारला होता. एका संध्याकाळी शेजारणीने न राहवून विचारलं, "अगं, किती दिस घालशील या मेल्यांना? बंद का करत नाहीस?" मावशी म्हणाली, "कसं करू? मालकांनी न्हाई म्हटलं असतं का?" शेजारीण तोंडावर पदर घेऊन आत गेली. हा माणूस वीस वर्षं "नाही"खेरीज दुसरं काही म्हणाला नव्हता, असं सगळ्या चाळीला माहीत होतं.

संप मिटला, रेघा पुसायला वेळ लागला, आणि त्या पुरत्या पुसल्याही नव्हत्या तोच १९२९च्या एप्रिलमध्ये दुसरा मोठा संप सुरू झाला. कितीतरी मावश्या या दोन संपांत बुडाल्या. ज्या तरल्या त्यांच्यामागून मुली आल्या, सुना आल्या, चूल चालू राहिली. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी खाणावळवाल्यांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यांना बँकेची कर्जं मिळवून दिली. तेव्हा कुठे या बायकांच्या पुढ्यात अर्ज आला आणि त्यावर त्यांना स्वतःचं नाव लिहायला, नाहीतर अंगठा उठवायला सांगण्यात आलं.

मावशी अजून आहे. गिरण्यांच्या जागी टॉवर झाले, तरी ती आहे. डोंबिवलीत दिवाळीआधी पंधरा दिवस तिच्या घरात पाय ठेवायला जागा नसते, चकल्यांचे डबे छतापर्यंत. पुण्यात ती वीस मुलांचे डबे करते. फ्रिजवर क्यूआर कोड चिकटवलेला आहे, पण "व्यवसाय कसला हो, आपला वेळ जातो," हे पालुपद कायम. भाव कमी करा म्हणालात तर ती म्हणेल, "यांना विचारून सांगते," आणि 'हे' आतल्या खोलीत क्रिकेट बघत असतील. खाडा अजून आदल्या रात्रीच सांगावा लागतो, आता व्हॉट्सअॅपवर. आणि आजारी पडलात तर मऊ भात दाराशी येतो. त्याचे पैसे हिशेबात धरलेले नसतात. धरा म्हणालात तर ती रागावते.

परवा कुणीतरी म्हणालं, अशा बायकांना उद्योजिका म्हणून पुरस्कार द्यायला हवा. जरूर द्या. शाल ती सुनेला देईल. नारळ त्याच संध्याकाळी खवला जाईल आणि डब्यातल्या चटणीत तुम्हालाच परत मिळेल. मात्र सत्काराला जाण्याआधी मागच्या महिन्याची बाकी तेवढी चुकती करा. नाहीतर भर सभेत, माइकवरून, ती तुमच्या आईची खुशाली विचारील.